रेप्टनची लाल पुस्तकं आणि आमचा वाडा



तीन महिने इथे काही लिहिलं नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी पडद्यासमोर बसायला बंदी घातली. आता एक डोळा नवा झाल्यामुळे घरातली जळमटं स्पष्ट दिसायला लागली आहेत. (सूनबाई हे वाचते, म्हणून लगेच सांगते - जळमटं माझ्याच खोलीतली!)

मधल्या काळात घरात एक प्रकरण झालं आणि त्यात माझाही थोडा दोष होता. त्या प्रकरणामुळे दोनशे वर्षांपूर्वीचा एक इंग्रज गृहस्थ मला पुन्हा आठवला. खरं म्हणजे आज त्याच्याबद्दलच लिहायचं आहे. पण सुरुवात नातवापासून करावी लागेल.

नातवानं गेल्या वर्षी चांगली नोकरी सोडली. का, तर एआय वापरून घरांची चित्रं करायची. रिकाम्या फ्लॅटचा फोटो द्यायचा, संगणक त्यात सोफा मांडतो, पडदे लावतो, खिडकीत कुंड्या ठेवतो. ओल आलेली भिंत कोरडी होते, ढगाळ आभाळ निळं होतं. ज्यांना घर विकायचंय त्यांनी हे चित्र जाहिरातीत टाकायचं. मी म्हटलं, छान आहे की! पण सहा-सात महिने झाले तरी गाडी काही पुढे सरकेना. एजंट म्हणायचे, हे तर माझा मुलगा मोबाइलवर फुकट करून देतो. मोठ्या बिल्डरांकडे त्यांची स्वतःची माणसं. एक दिवस माझ्या खोलीत येऊन बसला आणि म्हणाला, "आजी, मला माझा निश सापडत नाहीये गं."

मला वाटलं काहीतरी हरवलंय. मग कोश काढून बघितलं. निश म्हणजे कोनाडा! वाड्याच्या भिंतीत पणती ठेवायला असतो तो. बाजाराच्या भल्यामोठ्या भिंतीत आपली पणती मावेल एवढी जागा शोधायची, असा अर्थ झाला. शब्द आवडला मला.

मी त्याला म्हटलं, "अरे, हा धंदा नवीन नाही. १७८८ साली एका माणसानं हाच कोनाडा शोधला होता."

त्या माणसाचं नाव हम्फ्री रेप्टन. शाळेत मी बत्तीस वर्षं इतिहास शिकवला, पण हा गृहस्थ कुठल्या पाठ्यपुस्तकात भेटला नाही. भेटला तो २०११ साली. धाकट्या लेकीकडे इंग्लंडला गेले होते, तेव्हा तिनं नॉरफोकमधला शेरिंगहॅम पार्क दाखवायला नेलं. झाडीतून वळत जाणारा रस्ता, ऱ्होडोडेंड्रॉनची झुडपं, मग एकदम उघडणारी दरी, मध्ये घर आणि पलीकडे समुद्र. ऱ्होडोडेंड्रॉन सोडले तर ही सगळी रेप्टनची योजना. लेकीनं नंतर त्याच्यावरची दोन पुस्तकं ग्रंथालयातून आणून दिली आणि उरलेली सुट्टी मी कोश मांडीवर घेऊन ती वाचण्यात घालवली.

रेप्टनचा जन्म १७५२ चा. बापाची इच्छा, पोरानं व्यापार करावा. म्हणून बाराव्या वर्षी त्याला डच भाषा शिकायला हॉलंडला धाडलं. परत आल्यावर नॉरिचला कापडाच्या व्यापाऱ्याकडे उमेदवारी केली, लग्न केलं, स्वतःचं दुकान थाटलं आणि ते बुडवलं. मग खेड्यात जाऊन शेती-बागाईत. त्यात भागेना. एका राजकारणी शेजाऱ्याबरोबर चिटणीस म्हणून आयर्लंडला गेला, तेही थोडे दिवस. बाथच्या जॉन पामरनं टपाल घोडागाड्यांनी नेण्याची योजना काढली, तीत पैसे घातले, तिथेही हात पोळले. असं करत करत वयाची छत्तीस वर्षं झाली. पदरी बायको-मुलं, एसेक्समधल्या हेअर स्ट्रीट नावाच्या वस्तीत एक छोटंसं घर, आणि उत्पन्न जवळजवळ शून्य. (आपल्याकडे अशा माणसाला काय काय म्हणतात ते तुम्हाला माहीत आहेच.)

त्याच्याकडे दोन गोष्टी मात्र होत्या. हात चित्रकाराचा होता आणि बोलणं गोड होतं. आणि त्या वेळी बाजारात एक जागा रिकामी होती. इंग्लंडच्या जमीनदारांच्या बागा आणि रानं घडवणारा लॅन्सलॉट ब्राउन १७८३ साली वारला होता. या ब्राउनला सगळे 'केपेबिलिटी' म्हणत, कारण कुठलीही जमीन दाखवली की तो मालकाला सांगे, इथे फार क्षमता आहे! तळी खोदणं, टेकड्या सपाट करणं, हजारो झाडं लावणं हे सगळं ब्राउन ठेक्यानं करून द्यायचा. त्याच्या पश्चात पाच वर्षं झाली तरी त्याच्या तोलाचा कोणी उभा राहिला नव्हता. १७८८ सालच्या एका रात्री झोप येईना, तेव्हा रेप्टननं ठरवलं की आपण हे करायचं. सकाळी उठून ओळखीपाळखीच्या माणसांना पत्रं लिहायला बसला. धंद्याला नावही नवं दिलं - लँडस्केप गार्डनर. ओळखपत्र छापून घेतलं, त्यावर स्वतःचंच चित्र: थिओडोलाइट लावून उभा आहे, मागे मजूर खणताहेत.

पण खरी गंमत पुढे आहे. ब्राउनसारखा ठेका घ्यायला रेप्टनकडे ना भांडवल, ना माणसं. मग विकायचं काय? त्यानं चित्र विकायला काढलं. जमीनदारानं बोलावलं की तो जाऊन राहायचा, जागा हिंडून मोजायचा, जलरंगात चित्रं काढायचा आणि नंतर घरी येऊन एक वही तयार करायचा. सुवाच्य अक्षरात मजकूर, नकाशा, चित्रं आणि बाहेरून लाल कातड्याची बांधणी. म्हणून यांना 'रेड बुक्स', लाल पुस्तकं म्हणतात.

या पुस्तकातली चित्रं साधी नसत. चित्रावर एक कागदी झडप चिकटवलेली असे. झडप बंद असताना जागा आज जशी आहे तशी दिसायची - उघडी टेकडी, चिखलाचं डबकं, वेडंवाकडं कुंपण. झडप उचलली की खालून दुसरंच दृश्य! डबक्याच्या जागी तळं, टेकडीवर झाडी, कुंपण गायब, गवतात गुरं चरताहेत. विचार करा, आयुष्यभर तीच टेकडी बघणाऱ्या माणसाच्या हातात ही वही पडली की त्याचं काय होत असेल! चहाला आलेल्या पाहुण्यांसमोर ती झडप किती वेळा उघड-मिट झाली असेल! त्या पाहुण्यांपैकी कोणाची तरी स्वतःची टेकडी असणारच. म्हणजे मालही तोच आणि जाहिरातही तीच.

पहिलं पैसे देणारं गिऱ्हाईक नॉरिचजवळच्या कॅटन पार्कचं, १७८८ सालीच मिळालं. जाहिरातीची आणखी एक युक्ती मला फार आवडली. 'पोलाइट रिपॉझिटरी' नावाची खिशात मावणारी वार्षिक रोजनिशी निघायची. तिच्या पानांवर १७९० पासून जवळजवळ वीस वर्षं रेप्टनच्या गिऱ्हाइकांच्या इस्टेटींची इवली इवली चित्रं छापली जात. श्रीमंतांच्या खिशात वर्षभर आपलं काम फिरतं ठेवायचं! आपल्याकडे किराणा दुकानदार कॅलेंडर वाटतात त्यातलाच प्रकार, फक्त थोडा उच्चभ्रू.

आयुष्यभरात त्यानं सुमारे चारशे जागांवर काम केलं. नाव इतकं झालं की जेन ऑस्टिनच्या १८१४ सालच्या 'मॅन्सफिल्ड पार्क' कादंबरीत तो नावानिशी येतो, दिवसाला पाच गिनी या त्याच्या दरासकट. (गिनी म्हणजे एकवीस शिलिंग. सभ्य माणसांची फी पौंडात नव्हे, गिनीत सांगायची रीत होती.)

पण चित्र विकण्यातली खोटही इथेच होती. मालक पुस्तक घ्यायचा, फी द्यायचा आणि जागा तशीच ठेवायचा. काही ठिकाणी थोडंसं काम, काही ठिकाणी काहीच नाही. ठेका घेणाऱ्या ब्राउनला जसा पैसा मिळाला तसा याला कधी मिळाला नाही. पुढे फ्रान्सशी युद्ध, कर वाढले, जमीनदारांनी हात आखडता घेतला. १८११ च्या जानेवारीत मुलींबरोबर एका नाचाच्या समारंभाहून परतताना गाडी उलटली, पाठीचा कणा दुखावला, आणि त्यानंतर तो चाकाच्या खुर्चीतूनच काम करायचा. शेरिंगहॅमचं पुस्तक १८१२ चं, म्हणजे त्या अवस्थेतलं. आणि ते त्याचं सर्वांत लाडकं काम! १८१८ साली तो वारला. पुढच्याच वर्षी शेरिंगहॅमचा तरुण मालकही गेला, घरात राहायला जायच्या आधीच. चित्रात रेप्टननं एक छोटं देऊळवजा बांधकाम दाखवलं होतं, ते त्याच घराण्यातल्या वंशजानं १९७५ साली बांधलं! मी त्या खांबांना हात लावून उभी होते. १८१२ साली जे झडपेखाली होतं, त्याला मी २०११ साली हात लावत होते.

असो. मी नातवाला हे सगळं रंगवून सांगितलं. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "आजी, म्हणजे त्याचं गिऱ्हाईक विकत घेणारा नव्हताच. ज्याची जागा आहे तोच होता." मी म्हटलं, बरोबर. (शिक्षकाला यापेक्षा काय हवं असतं!) तो म्हणाला, तालुक्याच्या गावांत किती जुने वाडे पडून आहेत. पाच-सहा वारस, एक अमेरिकेत, एक पुण्यात, एक गावात. दुरुस्त करायचं म्हटलं तर खर्च कोण करणार, विकायचं म्हटलं तर सह्या कोण देणार. प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे वाडा वेगळा. त्या सगळ्यांना एकच चित्र दाखवलं, की दुरुस्त केला तर असा दिसेल, तर निदान बोलणं तरी सुरू होईल. एजंट हे चित्र काढून घेणार नाही, बिल्डर तर नाहीच. हाच कोनाडा!

आणि नमुना म्हणून त्यानं घेतला आमचा वाईचा वाडा. माझं माहेर.

वाडा आता तीन वाटण्यांत आहे. थोरला दादा, मी आणि धाकट्या भावाची मुलं, धाकटा गेला. दादानं ऐंशी ओलांडली, तो पुण्यात मुलाकडे असतो. वाड्यात मागे कोणी राहत नाही. पुढच्या दर्शनी खोलीत मात्र १९६० च्या दशकापासून एक शिंपी भाडेकरू आहेत. सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. आमचे वडीलही शाळामास्तर, त्यामुळे "मास्तर आहेत का?" असं कोणी दारात विचारलं की आई उलट विचारायची, "कापडाचे की पुस्तकाचे?" माझ्या लग्नाची पोलकी त्यांनी शिवली. आता मास्तर नाहीत, त्यांचा मुलगा दुकान चालवतो. पत्र्याचं शटर, वर रंग उडालेली पाटी.

नातवानं फोटो काढून आणले आणि आठ दिवसांत चित्र केलं. आपल्या पोराचं म्हणून सांगत नाही, पण चित्र बघून माझ्या घशाशी आलं. कोसळलेली तुळई जागेवर, माडीची लाकडी नक्षी तेल दिल्यासारखी, अंगणात तुळशीवृंदावन, दर्शनी बाजूला मोठा दिंडी दरवाजा आणि दोन्हीकडे कंदील. पाचगणी-महाबळेश्वरला जाणारे लोक थांबतील असं. मी ते दहा वेळा बघितलं आणि मला काहीच खटकलं नाही. नव्या डोळ्यानं बघूनसुद्धा!

चित्र घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेलं. एका भाच्यानं ते वाईतल्या एका घेणाऱ्याला पाठवलं, त्यानं आणखी कोणाला. तिसऱ्या दिवशी दुपारी मास्तरांच्या मुलाचा फोन.

"अक्का, फोटो झकास आलाय. फक्त आमचं दुकान कुठं ठेवलंय तेवढं सांगा."

मला काही बोलताच आलं नाही. मी चित्र पुन्हा उघडलं. दिंडी दरवाजा होता तो बरोबर त्यांच्या शटरच्या जागी.

नातवाला बोलावलं. त्याला तर पत्ताच नव्हता. त्यानं संगणकाला सांगितलं होतं, दर्शनी भाग पारंपरिक कर. संगणकाला पत्र्याचं शटर पारंपरिक वाटलं नाही, काढून टाकलं. साठ वर्षं गेली तिथून. पोराचा चेहरा एवढासा झाला. पण मी त्याला रागावू कोणत्या तोंडानं? मी त्याला रेप्टनची अर्धीच गोष्ट सांगितली होती.

उरलेली अर्धी अशी. मरणाआधी दोन वर्षं, १८१६ साली, रेप्टननं आपलं शेवटचं पुस्तक छापलं. त्यात त्यानं स्वतःच्याच हेअर स्ट्रीटच्या घरासमोरचं चित्र दिलं आहे, झडपेसकट. झडप बंद असताना काय दिसतं? समोर कुंपण, कुंपणापलीकडे रस्ता, घोडागाडी, खाटकाचं दुकान आणि त्यात टांगलेलं मांस. आणि कुंपणावर रेलून उभा असलेला एक लुळा-पांगळा भिकारी. झडप उचला. कुंपण पुढे सरकलंय, मोकळी जागा बागेत आलीय, गुलाब आणि झुडपं फुललीत. रस्ता आहे, गावही आहे, ते त्याला आवडायचं. खाटकाचं दुकान मात्र फुलांआड गेलंय. भिकारी नाही.

रेप्टन दुष्ट नव्हता. चाकाच्या खुर्चीत बसलेला म्हातारा माणूस, खिडकीतून चार फुलं दिसावीत एवढंच त्याला हवं होतं. पण तो भिकारी कुठे गेला हे चित्र सांगत नाही. लेकीनं आणलेल्या पुस्तकात ती दोन चित्रं मी शेजारी शेजारी बघितली होती आणि तेव्हा फार अस्वस्थ झाले होते. मग नातवाला सांगताना ती का सांगितली नाहीत? गोष्ट छान रंगली होती, म्हणून! वर्गातही मी असं कितीदा केलं असेल कोण जाणे.

तरी रेप्टनच्या बाजूनं एक सांगायला हवं. त्याच्या पुस्तकात आधीचं आणि नंतरचं एकाच पानावर असायचं. त्यातही कलाकुसर असे, आधीचं चित्र जरा उदास आणि नंतरच्यात ऊन पडलेलं. विल्यम मेसन नावाच्या त्याच्या काळच्या एका कवीनं तक्रारही केली होती, की हा कागदावर जशी झाडं काढतो तशीच ती जमिनीत वाढतील असं या बड्या लोकांना वाटतं. पण मालकाला खिडकीतून मान बाहेर काढली की खरं काय ते दिसत होतं. फसवणूक व्हायची शक्यता कमी. तेच चित्र मालकाच्या हातातून सुटून विकत घेणाऱ्याच्या हातात गेलं की गोष्ट बदलते. त्यानं आधीचं काही बघितलेलंच नसतं. त्याच्या हातात झडप नाही, फक्त खालचं चित्र आहे.

हे मला चांगलं ठाऊक असायला हवं होतं. १९९८ साली आम्ही फ्लॅट बुक केला तो एका रंगीत पत्रकावरून. त्यात कारंजं होतं, गुलमोहर होता, गुलमोहराखाली बाकावर म्हातारं जोडपं बसलं होतं. हे म्हणाले, ते बघ आपण दोघं! ताबा मिळाला तेव्हा कारंज्याच्या जागी बोअरची मोटर आणि स्कूटरी. पत्रकाच्या कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरात 'चित्रकाराची कल्पना' असं छापलेलं होतं, ते भिंग लावून नंतर सापडलं. आता २०१६ च्या रेरा कायद्यात १२ वं कलम आहे. जाहिरातीतल्या खोट्या माहितीवर किंवा नमुना फ्लॅटवर विसंबून पैसे भरले आणि नुकसान झालं तर भरपाई मागता येते. आमच्या वेळी हे नव्हतं. बाक मात्र ह्यांनी शेवटी स्वतःच्या पैशानं आणून ठेवला, मोटरशेजारी. त्यावर बसून ते पेपर वाचायचे.

सॅन होजेच्या भाचीला मी हा प्रकार सांगितला तर ती म्हणाली, मावशी, आमच्या कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२६ पासून कायदाच आलाय. विकाऊ घराच्या जाहिरातीतलं चित्र संगणकानं बदललं असेल तर तसं लिहायचं आणि मूळ फोटोही बघायला मिळेल अशी सोय ठेवायची. उजेड कमी-जास्त केला किंवा कडा कापल्या तर नाही, पण सामान घातलं, भिंत बदलली, खिडकीबाहेरचं दृश्य बदललं तर हो. म्हणजे रेप्टनची झडप कायद्यानं परत आणली म्हणायची! नातवाला तो कायदा वाचायला दिला. तो म्हणाला, "आजी, मी हे नाइलाज म्हणून नाही, हेच माझं म्हणून विकीन. दोन्ही चित्रं एकत्र, वेगळी करून देणारच नाही." धंदा म्हणून हे चालेल की नाही ते मला समजत नाही. एका एजंटानं ऐकून लगेच नकार दिला, म्हणाला, मूळ फोटो दाखवायचा तर तुला पैसे कशाला देऊ? साताऱ्याच्या एका कुटुंबानं मात्र त्यांच्या वाड्याचं काम दिलंय. सात वारस आहेत म्हणे, आणि चित्र बघायला म्हणून आठ वर्षांनी सगळे एका खोलीत बसले.

आमच्या वाड्याचं दुसरं चित्र त्यानं केलंय. त्यासाठी वाईला जाऊन दोन तास दुकानात बसला, मास्तरांच्या मुलाला विचारून विचारून. शटर आहे, त्याला आता लाकडी फळ्यांची दारं. पाटी नवी, पण अक्षरं मास्तरांच्या जुन्या पाटीसारखीच वळणदार. दिंडी दरवाजा बोळाच्या बाजूला गेला, आणि दादा म्हणतो, तो मुळात तिथेच होता! वडिलांनी शटरच्या वेळी बुजवला. मला हे आठवत नाही, पण दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा.

विकायचं की दुरुस्त करायचं हे अजून ठरलेलं नाही. घेणाऱ्याला दुसरं चित्र पाठवल्यापासून त्याचा फोन नाही. धाकट्या भावाची मुलं जरा नाराज आहेत माझ्यावर. मास्तरांच्या मुलानं नातवाला विचारलंय, फळ्यांची दारं आणि पाटी खरीच करायची तर किती पडतील, निम्मे तो घालायला तयार आहे. पुढच्या रविवारी मी आणि दादा वाईला जाऊन सुताराला गाठणार आहोत. दादाला गुडघ्यामुळे एसटीची पायरी चढवत नाही, म्हणून नातू गाडी काढतोय.